ओव्याची पुरचुंडी

दसरा तोंडावर आला आणि प्रभाचा घसा बसला.

घाटंजीत त्या दिवसांत कापूस फुटायला लागलेला असतो. सकाळी गारवा, दुपारी धूळ. घरोघरी कोणी ना कोणी खोकत असतं. माझी सहा वर्षांची पोर सकाळी उठली, 'आई' म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. आधी ती हसली. तिला गंमत वाटली. मग थुंकी गिळताना डोळे पाण्यानं भरले, तशी येऊन माझ्या मांडीत शिरली.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीभ दाबून पाहिली, घशाला आतून तांबडं औषध लावलं. म्हणाले, "घाबरण्यासारखं नाही, सूज आहे. ओरडू देऊ नका. मिठाच्या गुळण्या द्या, बाहेरून शेका."

ओरडू देऊ नका, हेच अवघड होतं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला या दसऱ्याला तीन वर्षं होत होती. वस्तीत मोठा कार्यक्रम होता, आणि प्रभाचे बाबा, म्हणजे बळीराम, मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं की त्रिशरण माझी पोरगी म्हणेल आणि सगळी वस्ती तिच्यामागून म्हणेल. पोरीलाही हौस. महिनाभर ती शेळीला समोर बसवून म्हणून दाखवत होती. शेळी मध्येच उठली की तिला रागवायची.

मी गुळण्यांचं पाणी केलं. मीठ, चिमूटभर हळद, हाताला सोसेल इतपत गरम. तिला गुळणी यायची नाही, घटकन गिळून टाकायची. मग मी म्हटलं, "वर पाह्य, अन् घशात कबुतर बोलव." तेव्हा जमलं. तोंडातून शब्द निघत नव्हता, पण गुळणीतलं कबुतर मात्र घुमायचं. तिला इतका आनंद झाला की दिवसभर कबुतर बोलवायला पाणी मागत राहिली. सुंठ-गुळाची गोळी जिभेवर ठेवून द्यायची, ती गालात लपवून फिरायची.

माझ्या सासूबाई मथुराबाई म्हणाल्या, "बाई, मरीमायचा दोरा बांधून पाह्यतं का? कोणाले दिसत नाही पोलक्याच्या आत."

"नाही बांधायचा," मी म्हटलं.

त्याऐवजी ओवा तव्यावर भाजला, गरम गरम फडक्यात घेतला, पुरचुंडी केली. जुन्या लुगड्याचा काळा काठ फाडून ठेवलेला होता, त्यानं ती पोरीच्या गळ्याला बांधली. पहिल्यांदा चटका बसेल म्हणून माझ्या गालाला लावून पाहिली. ओव्याचा वास घरभर झाला. प्रभानं डोळे मिटले आणि भिंतीला टेकून शांत बसली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचं कपाळ सैल पडलेलं मी पाहिलं.

तेवढ्यात हे आले, सोबत मंडळाचे अध्यक्ष डोमाजीकाका आणि आणखी तिघं-चौघं. कार्यक्रमाचं बोलायला. डोमाजीकाका उंबऱ्यातच थांबले.

"काय रे बळीराम, सेक्रेटरीच्याच घरी गंडा?"

सगळे प्रभाच्या गळ्याकडे पाहू लागले. काळी पट्टी, तिला बांधलेली पुरचुंडी. यांचा चेहरा एकदम काळवंडला. मला विचारलं नाही, पोरीला विचारलं नाही. सरळ गेले आणि पट्टी धरून ओढली. गाठ सुटली नाही, कापड फाटलं. ओवा सगळ्या सारवणावर सांडला.

"कायले बांधलं वं हे?" माझ्यावर ओरडले. मग त्यांच्याकडे वळून कसनुसं हसले. "काय करता काका, देव घरातून काढले, बायकांच्या डोक्यातून निघत नाहीत."

प्रभा रडत होती. तोंड उघडं, गाल ओले, आणि आवाज नाही. रडायलाही तिच्याजवळ आवाज नव्हता. पट्टी ओढली तिथं मानेवर लाल वळ उठला होता.

"ओवा हाय तो," मी म्हटलं. पण ते सगळे आधीच ओसरीवर निघाले होते, मंडपाच्या बांबूंचं बोलत.

बायकांच्या डोक्यातून! मी ओवा वेचत बसले आणि ते वाक्य माझ्या तळव्याखाली करकरत राहिलं. दीक्षेला हे नागपूरला गेले होते, मी घरी होते. प्रभाच्या अंगावर गोवर निघालेला, अंग तव्यासारखं तापलेलं. शेजारणी सांगत होत्या, मरीमायला नारळ दे. सासूबाई रडत होत्या. हे परत आले, म्हणाले आपण धम्म घेतला, देव काढायचे. आणि मग देव्हाऱ्यापाशी येऊन त्यांचेच हात थबकले. पोरीकडे पाहत उभे राहिले. टोपलीत देव मी भरले. नदीवर मी नेले. एका कडेवर तापलेली लेक आणि दुसऱ्या कडेला टोपली. पाण्यात सोडायच्या आधी पोरीचं कपाळ चाचपलं, तसंच तापलेलं. पण सोडले. ते कोणत्या डोक्यानं?

दुसऱ्या दिवशी ओवा पुन्हा भाजला. प्रभा मागे सरकली. दोन्ही हातांनी गळा झाकून कुजबुजली, "नको, आई. बाबा तोडतील. गंडा म्हनतील."

त्या क्षणी माझ्या आत काहीतरी तापून लाल झालं. माझ्या पोरीला शेकाची भीती बसली होती.

"आता नाही तोडनार," मी म्हटलं. "मी सांगतो तुले."

दसऱ्याच्या दिवशी निंबाखाली मंडप होता. बाबासाहेबांचा फोटो, हार, निळं निशाण. सगळी वस्ती पांढरे कपडे घालून बसलेली. मी प्रभाला पांढरा झगा घातला आणि गळ्याला पुरचुंडी बांधली. तोच काळा काठ. फाटला तिथं गाठ मारली होती. तिला घेऊन बायकांच्या बाजूला बसले नाही. सरळ पुढे गेले.

यांनी पाहिलं. मंचावरून खाली उतरून जवळ आले, दात आवळून म्हणाले, "पुन्हा? लोकायसमोर? सोड ते अन् पोरीले वर आन."

"पोरगी म्हननार नाही. तिच्या घशाले सूज हाय. डाक्तरनं ओरडू नको सांगतलं. तुमाले माहीत तरी हाय काय?"

त्यांनी डोमाजीकाकांकडे पाहिलं.

मी डोमाजीकाकांपुढे गेले, पोरीच्या गळ्यातली पुरचुंडी सोडली आणि त्यांच्या नाकाखाली धरली. "घ्या काका. हुंगा."

"अवं, हे काय करून राह्यली तू?"

"हुंगा म्हनतो नं. कोनता देव हाय याच्यात, ते सांगा सगळ्यायले."

त्यांनी हुंगलं आणि जोरात शिंकले. पुन्हा शिंकले. बायकांमधून मंडपाशेजारची पंचफुलाबाई ओरडली, "काका, देव नाकात गेला काय?" मंडपभर हसू फुटलं.

"ओवा हाय," डोमाजीकाका नाक पुसत म्हणाले. "निरा ओवा."

मला हसू आलं नाही. मी यांच्याकडे वळले. "देव कोनं नेले नदीवर, तेही सांगा लोकायले. बायकांच्या डोक्यातून निघत नाहीत म्हनता नं?"

हसणं थांबलं. यांनी खाली पाहिलं. मग बोलले, आवाज बारीक. "हिनं नेले," म्हणाले. "माझ्याच्यानं उचलले गेले नाहीत."

मी पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. "बोलन्यात थंडी झाली. पंचफुलाबाईच्या चुलीवर शेकून आना. अन् तुमीच बांधा. चटका पाहून बांधा."

सेक्रेटरी हातात ओव्याची पुरचुंडी घेऊन सगळ्या वस्तीसमोरून चालत गेले.

"मग त्रिशरण?" कोणीतरी विचारलं.

मी हात जोडले. माझा आवाज रागानं फुटत होता, तरी म्हटलं. वस्तीनं मागून म्हटलं. प्रभा माझ्या पायाशी हात जोडून उभी होती, तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, एक अक्षर चुकलं नाही.

तिसऱ्या शरणापाशी आलो तेव्हा हे परतले. पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून पाहिली, मग गुडघ्यावर बसले. प्रभा माझ्याकडे पाहू लागली. मी मान हलवली, तेव्हा तिनं गळा पुढे केला. यांना गाठ येईना. बोटं घोटाळत होती.

मी मदत केली नाही. बांधू दिलं त्यांनाच.