केकवाली ट्रॅकवर उतरते

नवऱ्याने टेम्पोतून गाडी खाली उतरवली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून दारातच उभी होती.

"हे काय आणलंत?"

"गाडी."

"ते दिसतंय मला. या घरात पुन्हा बाईक येणार नाही, असं ठरलं होतं ना आपलं?"

त्याने टाकीवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. टाकीला पोचे आले होते, सीटमधून स्पंज डोकावत होता. "अगं, ही कसली बाईक! बाईकचं पिल्लू आहे हे. शंभर सीसी. भंगारवाल्याकडे धूळ खात पडली होती. माझ्या जुन्या गाडीच्या एका टायरच्या पैशात अख्खी मिळाली."

जुन्या गाडीचं नाव निघालं तशी तिची नजर त्याच्या गुडघ्याकडे गेली. चार वर्षांपूर्वी त्या दांडग्या गाडीवरून तो भर रस्त्यात पडला होता. कित्येक महिने अंथरुणाला खिळून होता. उजवा गुडघा अजूनही पूर्ण वाकत नव्हता. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तो उभ्यानेच करायचा, कारण बसून उठताना कळ यायची. त्या दिवसांत घर तिने ओढलं होतं. बेकरीची व्हॅन चालवून, लोकांच्या वाढदिवसांचे आणि लग्नांचे केक पोचवून.

"गोदामांच्या मागे तो कार्टिंगचा ट्रॅक आहे ना," तो म्हणाला, "तिथे रविवारी सकाळी छोट्या गाड्या पळवतात. तुझ्या व्हॅनपेक्षा जास्त वेग नसतो. समोरून ट्रक नाही, कडेला खांब नाही. पडलंच कुणी तर गवतात पडतं."

"मी येऊन बघणार. नाही पटलं तर ही आल्या पावली भंगारात."

"कबूल."

रविवारी ती जाळीच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं, टवाळ पोरं असतील. पण हेल्मेटं निघाली तेव्हा एक दातांची डॉक्टर दिसली, एक शाळेतले पीटीचे सर, आणि दोन धिप्पाड प्लंबर भाऊ, जे त्या चिमुकल्या गाड्यांवर सर्कशीतल्या अस्वलांसारखे दिसत होते. पीटीचे सर तिच्यासमोरच घसरून पडले. उठले, हेल्मेटमध्ये अडकलेलं गवत काढलं, गाडीला किक मारली आणि गेले. तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

मग तिने नवऱ्याकडे लक्ष दिलं. तो सगळ्यांच्या मागे होता. प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत होता, गाडी जवळजवळ थांबवत होता, आणि मग पुन्हा वेग घेईपर्यंत इंजिन बिचारं रडकुंडीला येत होतं. एक फेरी झाली, दुसरी झाली. दातांच्या डॉक्टरने त्याला गाठून मागे टाकलं. काही वेळाने पुन्हा मागे टाकलं.

तिची काळजी कुठल्या कुठे गेली. तिला राग यायला लागला.

"अहो! ब्रेक कशाला मारताय सारखा? गाडीत जीव तरी आहे का एवढा?"

सगळा ट्रॅक वळून बघायला लागला. डॉक्टर गाडी बाजूला घेऊन हसत म्हणाली, "वहिनी, बाहेरून सगळं सोपं दिसतं. एकदा बसून तर बघा!"

ती काय माघार घेणार! डॉक्टरचं जाकीट चढवलं, नवऱ्याचं हेल्मेट घातलं. पहिल्या दोन वेळा गाडी जागच्या जागी बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. एक वळण, दुसरं वळण, आणि पुढच्या वळणात ती मुळी वळलीच नाही; सरळ गवतात जाऊन आडवी झाली.

नवरा पांढराफटक पडला. लंगडत, धापा टाकत तो तिथवर पोचला. ती पाठीवर पडून होती आणि तिचे खांदे हलत होते.

"लागलं का गं? कुठे लागलं?"

ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गेल्या चार वर्षांत त्याने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तोही तिच्या शेजारी गवतात बसला, गुडघ्याची पर्वा न करता.

त्यानंतर दर रविवारी दोघं मिळून जायला लागली. गाडी बेकरीच्या व्हॅनमध्ये चढवायची, म्हणून ट्रॅकवर तिचं नाव पडलं केकवाली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आधी एकाचीच काळजी होती, आता दोघांची लावलीत मला!"

वळणात अंग कसं झुकवायचं ते त्याने तिला शिकवलं. ती हँडलशी मारामारी करायची, तेव्हा एकदा तो म्हणाला, "मागे तीन मजली केक आहे असं समज. तसा कसा नेतेस तू?" ते मात्र तिला लगेच कळलं. केक नेताना अचानक काही करायचं नसतं. वळण लांबूनच ओळखायचं आणि वेग न मोडता त्याच्यातून अलगद निघायचं. छोट्या गाडीचंही तसंच होतं. एकदा वेग मोडला की परत कमवायला ताकदच नसते.

तिने त्याला ब्रेक विसरायला शिकवलं. दुसऱ्या कुणाची गाडी उसनी घेऊन ती पुढे पळायची आणि ओरडायची, "मी नाही मारला, तुम्हीही मारू नका!" प्लंबर भावांनी त्याच्या गुडघ्यासाठी उजवा फूटरेस्ट कापून खाली जोडून दिला. महिन्याभरात तो डॉक्टरच्या पुढे जायला लागला, आणि दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा देताना गुणगुणायलाही लागला.

मोसमाच्या शेवटी दोन तासांची शर्यत होती. एक गाडी, दोन चालक, आलटूनपालटून. प्लंबर भाऊ दरवर्षी जिंकायचे. सासूबाई घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि ऐन कुंपणाला टेकून बसल्या.

पहिला तास त्याने चालवला. सुरुवातीला सहावा होता. मग एकेकाला गाठत, कुठेही घाई न करता, तिसऱ्या नंबरावर गाडी आणून त्याने तिच्या हातात दिली. "टायर चांगले आहेत. जा!"

ती गेली. डॉक्टरच्या जोडीदाराला मागे टाकून दुसरी आली. पुढे फक्त धाकटा प्लंबर. तेवढ्यात तिच्यासमोर एक मागे पडलेली गाडी घसरली, तिला चुकवताना तीही डाव्या अंगावर पडली. उठली, गाडी उभी केली, झेंडेवाल्याने मागून ढकललं तशी गाडी सुरू झाली. पण गिअरचा दांडा वाकून आत घुसला होता. पायाने कितीही दाबला तरी हलेना. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली होती. तोवर दोन जण पुढे निघून गेले होते.

नवरा कडेला उभा राहून दोन्ही हातांनी 'आत ये' अशा खुणा करत होता. तिने मान हलवली. नाही.

आता हळू होऊन चालणारच नव्हतं. वेग पडला की इंजिन गचके देऊन बंद पडणार. मग तिने वळणं मोठी घेतली, बाहेरच्या कडेने, डांबराच्या शेवटच्या बोटभर पट्टीपर्यंत. सरळ रस्त्यावर बाकीचे तिला सोडून पळायचे आणि वळणावर ब्रेक मारायचे. ती तशीच वाहत यायची. एक मागे पडला. मग जोडीदाराकडून गाडी घेतलेली डॉक्टर मागे पडली, आणि जाता जाता हात उंचावून ओरडली, "शाब्बास, वहिनी!" गुडघ्याजवळची पँट घासून फाटली होती, मनगटं बधिर झाली होती, आणि हेल्मेटच्या आत ती मोठमोठ्याने स्वतःशीच बोलत होती: "थांबायचं नाही. थांबायचं नाही."

शेवटच्या फेरीत धाकटा प्लंबर पुढे, ती त्याच्या सावलीत. शेवटच्या वळणाच्या तोंडाशी एक फेरी मागे पडलेले पीटीचे सर गाडीवरून रमतगमत चालले होते. प्लंबर आतून घुसायला गेला, जागा मिळाली नाही, त्याने ब्रेक दाबला. ती बाहेरून आली. दोघांना वळसा घालून, एक चाक जवळजवळ गवतात, ॲक्सिलरेटर पुरता पिळलेला. सरळ रस्त्यावर प्लंबरचं इंजिन मागून गुरगुरत जवळ आलं, तिच्या कोपरापर्यंत आलं. आणि झेंडा पडला.

अर्ध्या चाकाने. अर्ध्याच चाकाने, पण पहिली!

सासूबाई खुर्चीवर चढून उभ्या होत्या. "आमची आहे ती! आमची सून!" असं त्या अनोळखी माणसांना सांगत सुटल्या होत्या. नवऱ्याने तिचं हेल्मेट काढलं. मग म्हणाला, "मी बोलावलं तर आली का नाहीस?"

"तुम्ही आला असतात?"

"नसतो आलो."

धाकटा प्लंबर येऊन तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "वहिनी, त्या बाहेरच्या कडेने गाडी जाते हेच मला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी शिकवाल का?"

"शिकवीन की. पण तो दांडा सरळ करून द्यायचा."

जिंकणाऱ्या जोडीने ट्रॅकला एक सावकाश फेरी मारायची पद्धत होती. सगळे तिला हँडल धरायला सांगत होते. ती मागे सरकली. "तुम्ही चालवा," ती नवऱ्याला म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे बसली. गाडी अजून तिसऱ्यातच अडकलेली. दोघांचं वजन बघून ती हलायलाही तयार नव्हती. शेवटी दोन्ही प्लंबर भावांनी मागून जोर लावला, इंजिन खोकलं, गचकलं, आणि निघालं. कुंपणाला धरून सगळे शिट्ट्या वाजवत होते. पहिल्या वळणावर त्याने ब्रेकला हात लावला नाही, आणि तिने दोन्ही हात हवेत उंच केले.