भिंगताईंच्या भिंतीवरचा फळा

मित्रांनो, मी पांढरा फळा आहे; निदान माझ्या पावतीवर तरी तसे लिहिले होते. आज मला पांढरा म्हणायचे तर मन थोडे मोठे करावे लागेल. माझे कोपरे पिवळट झाले आहेत, डस्टर ठेवायची पट्टी एका बाजूने सुटली आहे आणि मधोमध एक ओरखडा आहे. तो एका साहेबांच्या अंगठीचा. ते बोलताना माझ्यावर हात आपटत असत.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या पातळ पत्र्यावर लेप चढवून मला भट्टीत भाजले. बाहेर काढल्यावर एका बाईने माझ्यावर काळी रेघ ओढली, पुसली, तिरकी मान करून पाहिले आणि पुढे ढकलले. माझ्या आयुष्यातली ती पहिली परीक्षा. त्यानंतर माझी परीक्षा कोणी घेतली नाही. माझ्यासमोर मात्र पुष्कळांच्या झाल्या.

माझी पहिली नोकरी एका सॉफ्टवेअर कंपनीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत. तिथे मी सहा वर्षे काढली. सकाळी माझ्यावर चौकटी आणि बाण काढले जात, दुपारी त्यांच्यावरून भांडणे होत आणि संध्याकाळी सफाईवाले मामा सगळे पुसून टाकत. त्या खोलीत मला सर्वांत जास्त आवडे ती एक टेस्टर, म्हणजे प्रोग्राम लोकांच्या हाती जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणारी. बारीकसारीक चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून सगळे तिला भिंग म्हणत. मी भिंगताई म्हणतो.

एकदा साहेबांनी चुकून पक्क्या शाईच्या पेनाने माझ्यावर लिहिले. पुसता पुसेना. मामांनी घासले, साहेबांनी थुंकी लावली. भिंगताई आल्या, त्या अक्षरांवरूनच साध्या पेनाने गिरवले आणि एका फटक्यात दोन्ही शाया पुसून दिल्या. "शाईला शाईच काढते," त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, "अहो, हे आधी सांगायचं नाही का?" "तुम्ही थुंकी लावायच्या आधी? तोवर मी आलेच नव्हते."

त्यानंतरची एक गोष्ट सांगायला मला जड जाते. एका शुक्रवारी त्याच साहेबांनी दार आतून लावले, पडदे ओढले आणि माझ्यावर अठरा आकडे लिहिले. नावे नव्हती, कर्मचाऱ्यांचे क्रमांक होते. तासाभराने त्यांनी मला स्वतः पुसले. एकदा पुसले, मग पुन्हा, मग पुन्हा. सोमवारी अठरा माणसे खोके भरून निघाली आणि त्यांत भिंगताई होत्या. मित्रांनो, फळ्याला तोंड नसते. असते तरी मी काय सांगणार होतो? मला फक्त आकडे ठाऊक होते.

महिन्याभरात तो मजलाच रिकामा करायचे ठरले. खुर्च्या, पंखे, मी, सगळे जिन्याखाली आले. भिंगताई हिशेबाचे कागद घ्यायला आल्या होत्या. त्यांनी मला पाहिले आणि पहारेकऱ्याला म्हणाल्या, "हा मी नेऊ का?"

"न्या की. फाटकाचा पास मी करतो. पण कशावर नेणार?"

"नवऱ्यावर," त्या म्हणाल्या.

खरेच तसे झाले. त्यांचे यजमान रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतात. ते पुढे, ताई मागे आणि मी मधे आडवा, असे आम्ही तीन थांबे चालत घरी गेलो. बसमध्ये मी मावलो नाही.

घरात मला जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर लावले. ताईंनी पट्टीने रेघा मारून तक्ता आखला: क्रमांक, कंपनी, अपेक्षित, प्रत्यक्ष. त्यांच्या धंद्यात कोणतीही चाचणी अशीच लिहितात. काय व्हायला हवे ते आधी, काय झाले ते नंतर, आणि दोन्ही जुळले नाही की चूक सापडली. पहिल्या ओळीत त्यांनी 'अपेक्षित' खाली लिहिले, "उत्तर येईल." आठ दिवसांनी 'प्रत्यक्ष' खाली लिहिले, "आले नाही."

पहिले दोन महिने त्यांनी दिवसाची घडी नीट बसवली. सकाळी आंघोळ करून, बाहेरचे कपडे घालून त्या माझ्यासमोर बसत. दोन अर्ज, दोन तास नवा अभ्यास, मग फेरी. सासूबाई एकदा म्हणाल्या, "घरात कशाला गं इतकी टापटीप? कोण बघतंय?"

"फळा बघतोय," ताई म्हणाल्या. मला फार बरे वाटले.

सासूबाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. त्यांच्या वेळी यंत्रे आली, माणसाने जोडायचे फोन आपोआप जोडले जाऊ लागले आणि त्यांना रजिस्टरे लिहायला बसवले. त्या सुनेला कधी "लागली का?" म्हणून विचारत नसत. "आज किती ओळी झाल्या?" एवढेच विचारत, आणि "दोन" म्हटले की "छान" म्हणून वाटाणे सोलायला घेत.

पण ओळी वाढत गेल्या, प्रत्येकीत 'अपेक्षित' खाली तेच 'उत्तर येईल', आणि 'प्रत्यक्ष'चा रकाना तसाच राहिला. कुठे नुसते मौन, कुठे चार ओळींचे गोड पत्र: आपल्या अनुभवाने आम्ही प्रभावित झालो, तथापि. यजमान म्हणाले, "हे 'तथापि' एकदा पकडून आणलं पाहिजे. त्याचं रक्त तपासतो मी." ताई हसल्या. पाचव्या महिन्यात त्याच विनोदावर हसल्या नाहीत. अक्षर बारीक झाले. मला पुसून नवा तक्ता आखायचे त्यांनी लांबणीवर टाकले आणि कडेच्या जागेत उभे-आडवे लिहू लागल्या. एके दिवशी बाहेरचे कपडेही घातले नाहीत. त्या दिवशी माझ्यावर काही लिहिले गेले नाही.

सातव्या महिन्यात त्यांचे थोरले भाऊ आले. त्यांचे फरशांचे दुकान आहे. माणूस मनाने चांगला, आवाज मात्र दुकानभर.

"हे काय, परीक्षेचा निकाल लावलाय की काय भिंतीवर?" माझ्याकडे बघून ते म्हणाले. "एकशे एकतीस? अगं, एवढ्या वेळा तर मी गिऱ्हाइकाला फरशी दाखवत नाही."

"दादा, चहा घे."

"चहा घेतो. पण ऐक. माझा काउंटरवरचा माणूस एक तारखेला सोडून जातोय. तू ये. कॉम्प्युटर येतो, हिशेब येतो, चूक तर तुझ्या नजरेतून सुटतच नाही. कुठवर अशी वाट बघणार?"

"मला माझं काम येतं रे," ताई हळू म्हणाल्या. "तेरा वर्षं केलंय."

"येतं ना. पण कुणाला पाहिजेय?"

दादा वाईट बोलायला आले नव्हते, म्हणूनच ते जास्त लागले. एक तारखेला सतरा दिवस होते. ताई म्हणाल्या, "तोवर कळवते." दादा गेल्यावर त्यांनी माझ्या कोपऱ्यात 'एक तारीख' असे लिहून त्याभोवती चौकट काढली. इतके लहान शब्द मला इतके जड कधी वाटले नव्हते. एकदा काउंटरवर बसल्या की त्या पुन्हा या कामाकडे वळणार नाहीत, हे घरात सगळ्यांना कळत होते.

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पंधरा दिवस वाचायचे नाही. मुलाने त्यांना फोनमधला वाचून दाखवणारा आवाज लावून दिला. मग काय! औषधांच्या चिठ्ठ्या, वीज मंडळाची नोटीस, बिस्किटाच्या पुड्यामागचा मजकूर, सगळे त्या ऐकू लागल्या. एका सकाळी म्हणाल्या, "तुझा तो बायोडाटा पाठव गं मला. सात महिने नुसतं नाव ऐकतेय."

ताईंचा बायोडाटा दिसायला देखणा होता. एका चित्रकार मैत्रिणीने करून दिलेला; वर निळ्या पट्टीच्या चित्रात नाव आणि पत्ता, खाली दोन रकाने, डावीकडे अनुभव, उजवीकडे छंद आणि शिक्षण. ताईंनी त्यातले शब्द पन्नास वेळा बदलले होते. त्यांनी फाइल पाठवली आणि भांडी घासायला गेल्या.

आवाज वाचू लागला: "तेरा वर्षे पोहणे. वरिष्ठ टेस्टर भरतकाम. बँकेच्या सुरक्षेची चाचणी बारावी प्रथम श्रेणी. सहा जणांच्या संघाचे नेतृत्व जुनी गाणी."

सासूबाईंनी फोन थांबवला. "अगं, तेरा वर्षं पोहत होतीस तू? मला वाटायचं ऑफिसला जातेस!"

नळ बंद झाला.

"आणि ही बाई कोण, ते कुठं आलंच नाही. नावच नाही यात."

ताई फेसाच्या हातांनीच बाहेर आल्या. "आई, परत लावा."

परत तेच. "अजून एकदा." तिसऱ्यांदाही तेच. चूक तीनदा दिसल्याशिवाय त्या मानत नाहीत, हे मला ऑफिसपासून ठाऊक होते. त्या खुर्चीवर बसल्या. कंपन्यांत अर्ज आधी यंत्र वाचते, त्यातून गाळून उरलेले माणूस वाचतो. ते यंत्रही रकाने ओलांडून असेच आडवे वाचत असणार. चित्रातले नाव तर त्याला दिसतच नसणार.

"तेरा वर्षं लोकांच्या फायली तपासल्या," त्या म्हणाल्या, "आणि स्वतःची न तपासता एकशे एकतीस ठिकाणी पाठवली."

संध्याकाळी यजमानांनी ऐकले आणि म्हणाले, "आमच्याकडे तरी कोण स्वतःचं रक्त तपासतं?" मग घाबरून बायकोकडे पाहिले. ताई हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ते पाणी फक्त हसण्याचे नव्हते.

खोटे कशाला सांगू? सगळे नकार त्या फाइलमुळे नव्हते. चार ठिकाणी मुलाखती होऊनही नकार आले होते, आणि ते ताईंनी आपल्याच खात्यावर ठेवले. पण आता पेन घेतले तेव्हा अक्षर पुन्हा मोठे होते. त्यांनी मला स्वच्छ पुसले, एक तारखेची चौकट तेवढी ठेवली आणि नवा तक्ता आखला. पहिलीच ओळ: "बायोडाटा. अपेक्षित: यंत्राला वाचता येईल. प्रत्यक्ष: तेरा वर्षे पोहणे." मग नवा बायोडाटा केला: एकच रकाना, साधी अक्षरे, वर नाव. प्रत्येक फाइल जाण्याआधी सासूबाईंना ऐकवायची. "पास," सासूबाई म्हणत, तेव्हाच ती जाई.

सहा दिवसांत दोन फोन आले. पहिल्या ठिकाणी नकार. दुसऱ्या ठिकाणी कॅमेऱ्यावर मुलाखत, सकाळी अकराला. अशा वेळी ताई माझ्यावर चादर टाकत. त्या दिवशी चादर धुवायला पडली होती आणि घाईत कोणाच्या लक्षात आले नाही.

पडद्यावर एक पिकल्या केसांच्या बाई आणि एक इंजिनिअर होते. अर्धा तास प्रश्न झाले. मग बाई पुढे झुकल्या. "तुमच्या मागे काय लिहिलंय? पोहणे?"

ताईंचे कान लाल झाले. मला भिंतीत शिरता आले असते तर शिरलो असतो. पण त्यांनी एक श्वास घेतला आणि जे झाले ते जसेच्या तसे सांगितले.

"चूक शोधली कोणी?" इंजिनिअरने विचारले.

"सासूबाईंनी. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून कानांनी."

"मग त्यांनाच घ्यायला हवं!"

"मला वेळ नाही," स्वयंपाकघरातून आवाज आला.

हसणे ओसरल्यावर बाईंनी विचारले, "इतके नकार आले, तरी प्रत्येक ओळीत 'उत्तर येईल' असंच का लिहिलंत?"

"अपेक्षा निकालाआधी लिहायची असते," ताई म्हणाल्या. "निकाल बघून बदलली तर ती चाचणी राहत नाही."

चार दिवस काही आले नाही. तीस तारखेला दादांचा फोन आला. "काय ठरलं?" ताई म्हणाल्या, "उद्या सांगते." फोन ठेवून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्या कंपनीच्या ओळीत, सात महिन्यांत पहिल्यांदाच, 'उत्तर येईल' पुसून लिहिले: "नकार." त्यांच्या हातून नियम मोडलेला मी तेवढाच पाहिला.

एक तारखेला सकाळी पत्र आले. सहा महिन्यांचे कंत्राट, हुद्दा आधीपेक्षा एक पायरी खाली, सोमवारी साडेनऊला हजर राहावे. ताईंनी ते दोनदा वाचले, मग सासूबाईंच्या फोनला वाचायला लावले. मगच 'प्रत्यक्ष' खाली लिहिले: "होकार."

सासूबाईंचा डोळा आता उघडला होता. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "दोन्ही रकाने जुळत नाहीत. म्हणजे ही चूकच की गं."

"हो, आई."

"राहू दे. दुरुस्त करू नकोस."

दादांना ताईंनीच फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं बाई. तू माझ्या गिऱ्हाइकांच्याच चुका काढत बसली असतीस."

त्या सोमवारपासून ताई कामाला जातात. तक्ता पुसला गेला आणि तीन आठवडे माझ्यावर कोणी रेघही ओढली नाही. सकाळ होई, दुपार होई, मी भिंतीवर. मित्रांनो, मी सात महिने एका माणसाचे वाट पाहणे अगदी जवळून पाहिले होते. ते आतून कसे असते, हे मात्र मला तेव्हा कळले. माणूस काम शोधत असतो तेव्हा त्याच्या अंगचे कसब कुठे जात नाही. ते वापरायला कोणी मागत नाही, एवढेच.

काल सासूबाई माझ्यासमोरून दोनदा गेल्या आणि तिसऱ्यांदा थांबल्या. पेनाचे टोपण कोणी नीट लावले नव्हते, तरी हलवून हलवून त्यांनी थोडी शाई काढली आणि मोठ्या, तिरक्या अक्षरांत लिहिले: दूध, डोळ्यात घालायचे थेंब.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. फळा मऊ फडक्याने पुसा आणि पेनाला टोपण लावा. आणि तुमच्या घरात कोणी कामाच्या शोधात असेल, तर त्याला रोज "लागली का?" विचारू नका, लागली की तोच पळत येऊन सांगेल. त्याच्याजवळ बसा, त्याला येणारे एखादे काम त्याला मागा आणि त्याने केले की नीट बघा.

दूध आणि डोळ्याचे थेंब, दोनच ओळी. पण कालचा दिवस मला चांगला गेला.