निबर

हे लिहायचं न्हाई म्हणून दोनदा पुसलं. आईच्या मेल्या अंगाचं काय लिहावं? पण मुडबी गावात अमरनाथला आजबी एकाच शब्दानं वळखत्यात.

अमरनाथची आई नागव्वा गेल्या साली एका सकाळी गेली. लिंगायतात माणसाला मांडी घालून बसतं पुरत्यात. म्हणून जीव गेला की, अंग ऊन हाय तवरच भिंतीला टेकून बसवायचं असतंय. पण लातूरहून बहिणीचा, नेत्रावतीचा फोन आला.

"म्या येस्तवर अव्वाला हात लावू नगा. निजल्यावानी बघू द्या मला."

अमरनाथनं ऐकलं. तिथंच चुकलं. नेत्रावती यायला दुपार टळली, अन् नागव्वा लाकडावानी ताठ झाली.

"आता कोण वाकवणार?" विधीला आलेले स्वामी म्हणाले. सगळे खाली बघायले.

अमरनाथ उठला. आईच्या मांडीवर भार देऊन गुडघा वाकवला. कट्ट आवाज आला, पार ओसरीपर्यंत.

"निबर हाईस रे तू!" नेत्रावती किंचाळली. "अव्वा हाय ती!"

उशीर कुणामुळं झाला, हे तो बोलला न्हाई. रडलाबी न्हाई. दुसरा गुडघा राहिला होता.

नागव्वा बाजारात भेंडीचं टोक मोडून बघायची. मोडलं न्हाई की "निबर हाय" म्हणून परत टाकायची. किती शिजवा, मऊ होत न्हाई तसली.

आता हाटेलात कुणीबी म्हणायचं, "निबर अण्णाला बिनसाखरेचा दे रे, गोड-कडू कळत न्हाई त्याला!" नेत्रावती पंचमीला आली न्हाई, फोन उचलंना. अमरनाथ शेतात एकटा बसून आईचं लुगडं तोंडाला लावायचा. रडू येतंय का बघायचा. यायचंच न्हाई. लोकं खरंच बोलत्यात, असं वाटायलं त्याला.

वर्षभरात तो शब्द एकट्या रविकुमारनं काढला नव्हता. लहानपणापासूनचा दोस्त. बाप दवाखान्यात असताना परवा तो अमरनाथला तळ्यावर घेऊन गेला.

"अमऱ्या, अप्पाला डॉक्टरनं घरी न्या म्हणलंय."

"व्हय, ऐकलं."

"बसवायला तूच ये. माझ्यानं हुणार न्हाई." रविकुमार डोळे पुसत म्हणला, "तुझं बरं हाय, गड्या. तू निबर हाईस."

तो शब्द न काढणारं आता कुणीच उरलं न्हाई.

"येतो," तो म्हणला. "पण जीव गेला की लगेच फोन कर. कुणाचीबी वाट बघू नगंस. अंग ऊन असतानाच बसवतो. गुडघ्याचा आवाज येऊ देणार न्हाई, रव्या. शब्द देतो."