भिमाबाईचा श्वास आणि मी

मी एक जुना सीटी स्कॅनर आहे. मित्रांनो, मला अहिल्यानगरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा हार घातला, नारळ फोडला. पुढे शेजारच्या खोलीत एमआरआयबाई आल्या आणि सगळं कौतुक तिकडे गेलं. तेव्हापासून मी जरा तिरसट झालो आहे.

परवा देवळाली प्रवराहून भिमाबाई आल्या. गुऱ्हाळावर उसाची वाळकी चिपाडं उपसण्यात त्यांचा जन्म गेला. वर्षभर धाप लागत होती, आणि घरचे वय झालं म्हणत होते.

त्यांचा मुलगा प्रशांत मला बघून हिरमुसला. "ताई, हे लई जुनं दिसतंय. आईचं एमआरआयच करा की."

"एमआरआय मेंदूला, मणक्याला, गुडघ्याला चांगलं," मला चालवणारी रुमाना म्हणाली. "फुप्फुसात हवा असते. तिथलं बारीक त्यात नीट दिसत नाही. त्याला याच मशीनवरचं एचआरसीटी हवं."

ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कांद्याच्या पातळ चकत्या कराव्यात तसे मी छातीचे बारीक फोटो काढतो. फक्त माणसानं क्षणभर श्वास रोखायला हवा.

भिमाबाई आडव्या झाल्या. "श्वास घ्या. रोखून धरा," माझ्यातला आवाज बोलला.

"व्हय बाबा, धरते," भिमाबाई म्हणाल्या.

झालं! बोलताना श्वास सुटला आणि फोटो हलला. धूसर फोटोवरून आजार आहे की नाही, हेच कळेना. रुमाना काळजीत पडली. माझी किरणं पुन्हा पुन्हा अंगावर घेणं बरं नसतं.

ती आत आली. "आजी, मध्येच बोललात का?"

"कुनी सांगितलं तर व्हय म्हनाया नको का? गप ऱ्हायलं तर माज वाटतो."

"इथं नाही वाटत. त्याला उत्तर देऊ नका. उठल्यावर काय ते बोला."

या वेळी भिमाबाईंनी ओठ घट्ट मिटले. फोटो स्वच्छ आला आणि माझा जीव गलबलला. दोन्ही फुप्फुसांत कडक व्रणांची जाळी धरली होती. धूसरच राहिला असता तर बरं, असंही मनात येऊन गेलं.

डॉक्टरांनी फोटो पाहिले, कामाची चौकशी केली. "बुरशी धरलेल्या चिपाडांची धूळ बाधलेली दिसतेय. गुऱ्हाळ आजपासून बंद. औषधानं पुढचं थांबवायचा प्रयत्न करू. झालंय ते मात्र भरून येणार नाही."

प्रशांत खाली बघत म्हणाला, "आई, आपन लई उशीर केला."

भिमाबाई जाताना माझ्यापाशी थांबल्या. मघाचं राहिलेलं त्यांनी हळूच म्हटलं, "व्हय बाबा." तेवढ्यानंही त्यांना धाप लागली.

मित्रांनो, माझ्या जाळीवर धूळ साचली की रुमाना लगेच पुसते. भिमाबाईंच्या छातीतली धूळ आता कुणालाच पुसता येणार नाही. तुमच्या घरात कुणाला धाप लागत असेल, तर त्यांना वेळेवर घेऊन या. मी जुना असलो तरी वाट बघतो आहे.