कानातलं फूल

"आधी बघायचं, मग उचलायचं. किती वेळा सांगू गं तुला?"

सासूबाईंनी माझ्या हातातली सुपली काढून घेतली आणि समोरच्या ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी घाईघाईत सुताराचा, शिंप्याचा आणि मधल्या घड्याळजींचा केर एकत्र लोटला होता.

माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. पालिकेत झाडूवालीची नोकरी नुकतीच लागली होती आणि मुकादमाने मला सासूबाईंच्याच रस्त्यावर टाकलं होतं. बावीस वर्षं त्या तो रस्ता झाडत होत्या.

आज तो रस्ता पाहिला तर माझं म्हणणं कुणाला पटायचं नाही. तेव्हा तो इतका अरुंद होता की इकडचा दुकानदार शिंकला तर समोरचा "सावकाश" म्हणायचा. शिवणयंत्रांची खडखड, छापखान्याचा ठोका, न्हाव्याचा रेडिओ, हातगाडीवाल्यांच्या आरोळ्या, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून आरपार चाललेल्या गप्पा. माझं माहेर शांत होतं. पहिले काही दिवस मी झाडू हातात घेऊन नुसती बघतच राहायची.

दुकान बंद करताना प्रत्येकाने आपला केर पायरीखाली लोटायचा, अशी तिथली रीत होती. सकाळी प्रत्येक पायरीखाली एक ढीग असायचा आणि सासूबाई तो वाचायच्या. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं, पण ढीग वाचायच्या. छापखान्याबाहेर गुलाबी पट्ट्या दिसल्या की म्हणायच्या, "कुणाचं तरी लग्न ठरलं बघ." शिंप्याकडे काळ्या चिंध्या निघाल्या तर, "वकिलाचा मुलगा पास झाला वाटतं." सुताराच्या ढलप्या हातात घेऊन, "लांब आहेत. दार करतोय. म्हणजे खोली वाढवतंय कुणीतरी." आणि संध्याकाळपर्यंत ते खरं ठरायचं. मला तर त्यांची भीतीच वाटायची. माझ्या केरातून माझं काय काय कळत असेल यांना?

घड्याळजींच्या ढिगाजवळ मात्र त्या उकिडव्या बसायच्या. बोटाने धूळ पसरायच्या, आणि डोळ्यालाही दिसू नयेत असे स्क्रू, चाकं, टाचणीच्या टोकाएवढ्या खिळ्या वेचून रिकाम्या काडेपेटीत ठेवायच्या. काडेपेटी घड्याळजींच्या खिडकीच्या कट्ट्यावर. थोड्या वेळाने आतून एक हात यायचा आणि ती उचलून न्यायचा. या विषयावर दोघांत कधी एक शब्द झाला नव्हता.

"नजर गेलीय त्यांची," पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं. "भिंग लावलं की हातातलं दिसतं, हातून सुटलेलं दिसत नाही. पुढेमागे कुणी नाही माणसाला. दुकानातच राहतो, दुकानातच जेवतो. लोकांना कळलं तर उद्यापासून घड्याळ कोण देईल? कुठे बोललीस तर याद राख."

आणि त्या दिवशी मी तोच ढीग मिसळला होता.

नऊ वाजत आले होते. खिडकीतून हात आला, कट्ट्यावर इकडे तिकडे चाचपडला आणि रिकामाच राहिला. मग घड्याळजी स्वतः पायरीवर आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. शाळेच्या मुख्याध्यापकांचं घड्याळ दहाला द्यायचं होतं. "या वेळी उशीर झाला तर मोठ्या बाजारात टाकतो," असं ते आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून गेले होते.

सासूबाईंनी रस्त्याच्या मधोमध बसकण मारली आणि ढीग पसरला. भुसा, ढलप्या, चिंध्या, दोरे आणि शेकड्याने टाचण्या. त्यात कुठेतरी त्या घड्याळाचा एक स्क्रू.

"ओ मावशी, भर रस्त्यात संसार मांडलात की काय?" हातगाडीवाला ओरडला. मागे दुसरी गाडी अडली, तिच्यामागे तिसरी.

सासूबाईंनी मान वळवली. मी त्यांच्या अगदी जवळ होते म्हणून मला दिसलं: हात डाव्या कानाकडे गेला, फूल निघालं आणि कनवटीला गेलं. त्यांच्या अंगावर सोन्याचं म्हणून तेवढंच होतं, दोन कानांत दोन बारीक फुलं.

"कानातलं पडलं रे माझं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर जे झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. हातगाडीवाल्याने गाडी तिथेच टेकवली आणि गुडघ्यांवर बसला. सुतार आला. छापखान्याचा ठोका थांबला आणि शाईच्या हातांची चार माणसं बाहेर आली. न्हावी आला, त्याच्यामागून अर्ध्या गालाला साबण असलेलं गिऱ्हाईकही आलं. अख्खा रस्ता गुडघ्यांवर उतरला होता, एका झाडूवालीच्या फुलासाठी. इतकी शांतता त्या रस्त्यावर कधी नव्हती. मला रडू कोसळलं.

"सूनबाई, रडता कशाला? सापडेल," न्हावी म्हणाला.

शिंपी आपलं लोहचुंबक घेऊन आला.

"अरे शहाण्या, सोन्याला कधी चुंबक लागतं का?" सुतार हसला.

"तू गप रे. आधी टाचण्या तर बाजूला होऊ देत."

ढिगावरून चुंबक फिरलं. टाचण्यांची दाढी लोंबायला लागली. शिंपी ती निवडत बसला आणि एकाएकी थांबला. चिमटीत काहीतरी होतं. त्याने ते डोळ्यांजवळ नेलं. मग पायरीवर उभ्या असलेल्या घड्याळजींकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

त्याने चिमूट सासूबाईंच्या तळहातावर रिकामी केली आणि त्यांची मूठ आपल्या हाताने मिटली.

"फूल काही दिसत नाही, मावशी," तो मोठ्याने म्हणाला. "गटारात गेलं असणार. चला रे, उठा, धंदे नाहीत का तुम्हाला?"

दहाला मुख्याध्यापक घड्याळ घेऊन गेले. चुंबक लागलेला तो स्क्रू. घड्याळ पुढे पळायला लागलं आणि कित्येक महिने शाळेची घंटा पाच मिनिटं आधी होत राहिली. पोरं सकाळी धावत जायची आणि दुपारी खुशीत लवकर सुटायची. तक्रार कुणीच केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर सुताराने आणि शिंप्याने आपापले ढीग घड्याळजींच्या पायरीपासून चार हात लांब लोटले होते. घड्याळजींचा तेवढाच एक ढीग, वेगळा, मोकळ्या जागेत. सासूबाई त्या मोकळ्या जागेकडे किती तरी वेळ बघत राहिल्या. मग उकिडव्या बसल्या. पुढे घड्याळजी गेले तोवर, सात वर्षं, ते ढीग तसेच लांब राहिले.

स्क्रू सापडला त्या दिवशी घरी आल्यावर मी म्हटलं होतं, "आई, आता घाला ना ते फूल."

"वेडी का गं तू? ते हरवलंय."

"मग दुसरं तरी काढून ठेवा. एकच कसं दिसतं!"

"ते कुठे हरवलंय?"

शेवटपर्यंत त्या एका कानात फूल घालून वावरल्या. डाव्या कानाचं भोक हळूहळू बुजून गेलं. लग्नकार्यात बायका हसायच्या, नातेवाईक नवीन जोड करून द्यायला निघायचे. त्या हात हलवून विषय बदलायच्या. घड्याळजी गेल्यावरही त्यांनी ते घातलं नाही. रस्ता होता ना अजून.

आता रस्ता रुंद झालाय. केर यंत्राची गाडी ओढून नेते, न बघता.

परवा कपाट आवरताना माझ्या सुनेला काडेपेटी सापडली. तिने दोन्ही फुलं तळहातावर घेतली. एक झिजून इतकं पातळ झालंय की पाकळ्या बोटाला लागत नाहीत. दुसरं आत्ता सोनाराकडून आणल्यासारखं.

"आई, ही दोन वेगवेगळी आहेत का?"

"नाही गं," मी म्हटलं. "जोडच आहे."