उजवीकडून उघडणारं पुस्तक

रविवारी सकाळी मिसाओबाई स्वयंपाकघरात शिंपल्यांना दटावत होत्या. सरोवरातले ते नखाएवढे काळे शिंपले रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले होते, तरी काहींनी अजून वाळू सोडली नव्हती.

"सोडा आता. किती वेळ धरून बसणार?"

"आई, शिंपल्यांशी काय बोलतेस?" चिहारु दारात उभी राहून केस बांधत होती.

"तुझ्यापेक्षा बरे. निदान कधीतरी तोंड उघडतात."

चिहारुला टोमणा कळला. तिने बाऊल मांडले आणि टेबलाच्या डाव्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसली. ती डावरी. शेजारच्या माणसाच्या कोपराला कोपर लागू नये म्हणून लहानपणापासून ते टोक तिचं होतं. आजीने एकदा तिच्या डाव्या हातातल्या जेवायच्या काड्या काढून उजव्या हातात दिल्या होत्या, तेव्हा आईने काही न बोलता त्या परत डाव्या हातात ठेवल्या होत्या. आता घरात दोघीच होत्या आणि कोपर लागायला शेजारी कुणी नव्हतं, तरी खुर्ची तीच राहिली.

"वाचलंस का?" आईने सूप वाढता वाढता विचारलं.

विषय पुस्तकाचा होता. मिसाओबाईंनी सगळी नोकरी इथेच, मात्सुएतल्या प्राथमिक शाळेत भाषा शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर वस्तीच्या सभागृहात जाऊन त्या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं मुलांचं सॉफ्टवेअर शिकल्या आणि पुढे तिथेच शनिवारचा वर्ग घेऊ लागल्या. ठोकळे जोडले की पडद्यावरचा बेडूक चालतो, उडी मारतो, गातो. त्या बेडकासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने पुस्तक लिहिलं, चित्रं काढली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती मुलांच्या हाताळणीने मऊ पडल्या होत्या. आता दुसरी निघायची होती, आणि त्याआधी त्यांना लेकीचं मत हवं होतं. दुसऱ्या कुणाचं नाही, कारण चिहारु तोक्योत याच सॉफ्टवेअरचे ऑनलाइन धडे तयार करायची. देशभरातल्या मुलांना तिचा आवाज ओळखीचा होता.

"चाळलं थोडं," चिहारु म्हणाली. खरं म्हणजे फाइल कितीतरी महिने तिच्या फोनमध्ये तशीच पडून होती.

"म्हणजे नाही."

"आई, वाचायचं काय त्यात? सॉफ्टवेअर बदललं की तुझं पान चुकतं. मागच्या वर्षी हिरवं बटण वरून खाली आलं, तेव्हा तू प्रत्येक प्रतीत चिठ्ठी डकवत बसली होतीस. मी तोच धडा एका दुपारीत नवा करून टाकला."

"पाहिला मी. छान केलास. तो बेडूक पाण्यात पडतो तिथे तू हसतेस, ते मला फार आवडतं. पुस्तकाला असं हसता येत नाही." आईने हे अगदी मनापासून म्हटलं. त्यामुळे चिहारुला पुढचं बोलणं जड गेलं. तरी ती बोललीच.

"आणि ते उघडतं उलट्या बाजूने. कम्प्युटरचं पुस्तक कुणी उजवीकडून उघडतं का? उभ्या ओळी, उजवीकडून डावीकडे वाचत जायच्या, ते गोष्टीच्या पुस्तकांचं काम. गणित, विज्ञान, सगळं आडव्या ओळींत, डावीकडून असतं. तू भाषेची बाई, हाताला सवय, म्हणून उभ्या ओळी लिहीत गेलीस. मुलं हसतील."

"अजून तरी हसली नाहीत."

"मग कारण सांग ना."

"सांगून कळलं असतं तर तुझ्या धड्यांनीच भागलं असतं." आई हसली. "एकदा माउस हातात धर आणि पुस्तक शेजारी ठेवून बस. बस इतकंच."

तोक्योला परत निघताना आईने तपकिरी कागदात गुंडाळलेली एक प्रत पुढे केली. "ही तुझी."

"टेबलावर पाहिलीच आहे की."

"ही तुझी आहे. उघड तर."

"विमानात उघडते."

विमानात ती झोपली. पार्सल बॅगेत राहिलं.

त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, आई गेली. शेजारच्या बाई नेहमीप्रमाणे सकाळच्या चहाला आल्या तेव्हा त्यांना मिसाओबाई निपचित पडलेल्या दिसल्या. चहा घुसळायची बांबूची छोटी रवी ओली होती आणि दोन वाट्या मांडलेल्या होत्या. चिहारु पोचली तोवर कुणीतरी त्या धुऊन उपड्या घातल्या होत्या. त्या कुणी धुतल्या, हे तिने कुणाला विचारलं नाही.

रीतीप्रमाणे एकोणपन्नास दिवस अस्थी घरातच असणार होत्या, तोवर तिने मात्सुएतच राहायचं ठरवलं. काम काय, कुठूनही करता येत होतं. पुढच्या खोलीत आईचा फोटो होता, त्यापुढे रोज गरम भात आणि सूप. ती सकाळी छोटी घंटा वाजवायची, हात जोडायची आणि उठायची. लोक फोटोशी बोलतात, तसं बोलायला तिची जीभ रेटत नव्हती.

एका दुपारी पुलापलीकडच्या छापखान्याचे म्हातारे त्सुचिए उदबत्ती लावायला आले. हात जोडून झाल्यावर टोपी मांडीवर ठेवून बसले.

"चिहारु, विषय काढायची ही वेळ नाही, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण पोरांचा नवा वर्ग एप्रिलात सुरू होतो. कागद येऊन पडलाय. तुझ्या आईचं एका गोष्टीवाचून अडलं होतं."

"कुठल्या?"

"पुस्तक उजवीकडून उघडायचं की डावीकडून. मी म्हटलं, बाई, पहिलं उजवीकडून होतं, हेही तसंच करू. तर म्हणाल्या, थांबा, लेकीला विचारते. ती यातली जाणती आहे. ती डावीकडून म्हणाली तर डावीकडून करू, मी सगळं नव्याने लिहून देईन."

चिहारुने चहाची वाटी खाली ठेवली.

"सगळं नव्याने?"

"ओळी आडव्या कराव्या लागतात ना मग. अक्षरन् अक्षर बदलतं. मी म्हटलं, वय काय तुमचं! तर मलाच म्हणतात, त्सुचिए-सान, तुम्ही माझ्याहून मोठे, आधी तुम्ही छापणं थांबवा." म्हातारे हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "आता लिहून द्यायला त्या नाहीत. पण डावीकडून हवं असेल तर माझी नात संगणकावर जुळवून देईल. तू सांगशील तसं."

आईने विचारलं होतं, आणि चिहारुने उत्तर दिलंही होतं, सूप पिता पिता. आता त्याच उत्तरावर छपाई व्हायची होती. डावीकडून करा, एवढंच म्हणायचं होतं. कम्प्युटरची सगळी पुस्तकं डावीकडूनच उघडतात. तोंडापर्यंत आलेला शब्द तिने परत गिळला.

"येत्या शनिवारचा आईचा वर्ग मी घेते आहे," ती म्हणाली. "त्यानंतर सांगितलं तर चालेल?"

"चालेल. कागद काय, नासत नाही."

शनिवारी सभागृहात मुलं वेळेआधीच येऊन बसली होती. आत घालायच्या चपलांची आईची जोडी कपाटात तशीच होती. चिहारुने शेजारची जोडी घातली. तिने मुलांना तिचा स्वतःचा धडा लावून दिला, बेडकाला पावसात नाचवण्याचा. तिचा आवाज दहा कम्प्युटरांतून थोडा मागेपुढे एकदमच बोलू लागला आणि मुलं खदखदली.

"ताई, तुमच्यात प्रतिध्वनी झालाय!"

"ताई, तुम्ही आतमध्ये जास्त खूश दिसता."

"गप्प बसा आणि बघा," चिहारु म्हणाली. तिलाही हसू आलं.

धडा चांगला होता. मुलांनी तो मन लावून पाहिला आणि पावसाचा आवाज आला तेव्हा सगळी गप्प झाली. मग करायची वेळ आली. एकाने व्हिडिओ बाजूला सारला, तर बेडूक त्याच्यामागे गेला. दुसऱ्याने बेडूक पुढे आणला, तर व्हिडिओ दिसेना. "तिसरा ठोकळा कुठला होता?" म्हणत सगळी मागे जात होती, पुढे येत होती. तोक्योत चिहारुच्या टेबलावर दोन पडदे होते. ही अडचण तिला आजवर कधी आलीच नव्हती.

तिने काही सांगायच्या आत मुलांनी दप्तरातून पुस्तकं काढली. कुणी कुणाला विचारलं नाही. पुस्तकं कीबोर्डच्या डाव्या बाजूला पडली, पानं उघडली, आणि खोली शांत झाली.

चिहारु मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

तिला आधी हात दिसले. उजवे हात माउसवर होते, ते तिथून हललेच नाहीत. डावे हात पुस्तकावर होते. पान संपलं की डावा हात डाव्या पानाची कड उचलायचा आणि उजवीकडे टाकायचा, आणि पुढची ओळ बोटाखाली यायची. डोळे खाली, डोळे वर, बेडकाची उडी. पुन्हा डावा हात. पुस्तक डावीकडून उघडणारं असतं तर उलटायचं पान उजव्या कडेला आलं असतं. मग दर पानाला माउस सोडावा लागला असता, हातातला ठोकळा अधांतरी राहिला असता.

आईने कधीतरी अशीच भिंतीला टेकून मुलांचे हात पाहिले असणार. मग घरी जाऊन, उभ्या ओळींत, पहिलं पान लिहिलं असणार.

खिडकीजवळची कोउमे नावाची मुलगी मात्र वेगळी बसली होती. तिचं पुस्तक उजव्या बाजूला होतं, माउस डाव्या हातात. आणि तिचं पान उजवीकडून डावीकडे जात होतं.

"तुझं पुस्तक उलटं कसं?" चिहारुने तिच्याजवळ बसून विचारलं.

"उलटं नाही काही. ह्यांचं उलटं आहे," कोउमे डोळे न उचलता म्हणाली. "मी डावरी आहे. बाईंनी माझ्यासाठी वेगळं लिहिलं. आधी मला ह्यांच्यातलंच दिलं होतं. माझे हात एकमेकांना अडत होते, ते त्यांनी बघितलं."

पुस्तकात ओळी आडव्या होत्या. बेडूकसुद्धा दुसऱ्या बाजूला तोंड करून बसला होता. सगळं हाताने लिहिलेलं, मधोमध दुमडून पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं.

"किती जणांना असं दिलं बाईंनी?"

"वर्गात मी एकटीच." कोउमेने थोडा विचार केला. "पण त्या दोन शिवत होत्या. मी विचारलं, दुसरं कुणाचं? तर म्हणाल्या, एक मोठी मुलगी आहे, फार हट्टी आहे."

चिहारु उठली आणि पाणी प्यायला बाहेर गेली. परत आल्यावर तिने वर्ग पूर्ण घेतला, कम्प्युटर बंद केले, खुर्च्या लावल्या. मुलं वाकून नमस्कार करून गेली. वाटेत पुलावर थांबून तिने छापखान्यात फोन लावला.

"उजवीकडून, त्सुचिए-सान. आहे तसंच. ओळी उभ्याच ठेवा. हिरव्या बटणाचं तेवढं पान मी दुरुस्त करून देते."

"बरं," म्हातारे म्हणाले. "आणि डावऱ्या पोरांचं काय? त्यांचं बाई हाताने शिवून द्यायच्या."

"मला शिवता येत नाही. शिकवाल?"

"दोरा जाड घेऊन ये," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

घरी अजून उजेड होता. चिहारुने बॅगेतून तपकिरी पार्सल काढलं. कागदाच्या घड्या आईच्या होत्या, कडा घट्ट दाबलेल्या. ती टेबलाच्या डाव्या टोकाला जाऊन बसली. कम्प्युटर उघडला, माउस डाव्या हाताखाली घेतला, पुस्तक उजवीकडे ठेवलं. ते डावीकडून उघडलं.

तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. ज्यांचे धडे ती रोज बनवायची तेच ठोकळे, तोच बेडूक. तरी आईने एका पानावर एकच गोष्ट ठेवली होती आणि पान संपायचं ते बरोबर पुढे काय होईल असं वाटेल तिथे. उलटल्याशिवाय कळायचं नाही. उजवा हात आपसूक पान उलटत राहिला. बेडूक चालला, उडी मारून पाण्यात पडला, आणि तिथे आईने बारीक अक्षरात लिहिलं होतं: इथे हसायचं.

ती हसली. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो आवाज तिलाच मोठा वाटला.

सगळं पुस्तक करून झालं तेव्हा सूप गरम करायची वेळ झाली होती. तिने वाटी भरून पुढच्या खोलीत नेली, फोटोपुढे ठेवली, घंटा वाजवली. हात जोडले. पण या वेळी उठली नाही.

"आई," ती म्हणाली, मोठ्याने. "वाचलं मी पुस्तक. फार चांगलं झालंय. माझ्याच्याने असं झालं नसतं."