टोपणनावाचं गाऱ्हाणं

प्रयोगशाळेच्या टेबलावर पाण्याच्या नऊ बाटल्या, एक ब्युरेट, दोन शंकुपात्रं, एक थांबघड्याळ, आणि एका कागदाच्या पाठीवर पाच नावं, त्यांतली चार खोडलेली. पाचवं, मीरा सोमण, अजून शाबूत होतं. या नावाला मालवणात घर नव्हतं, विहीर नव्हती, चुलती नव्हती... बाटल्यांवरही नुसते आकडे होते. कोणाची विहीर ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. तरी सहावी आपल्या घरची, हे झाकणाला आईनं गुंडाळलेल्या निळ्या सुतळीवरून रसिकाला केव्हाच कळलं होतं.

पाच वाजेपर्यंत संपादकांना टोपणनाव कळवायचं होतं. दिवाळी अंक उद्या छपाईला जाणार होता.

रसिकानं लिहिलेली कथा सुभद्राकाकूची होती. काकू दर रविवारी परसात माडाखाली उभी राहून बोटीवरच्या काकांशी फोनवर बोलते – जेवलास? थंय पाऊस आसा? – मध्येच थांबते, 'बरां' म्हणते, आणि घरात येऊन सगळ्यांना खुशाली सांगते. आणि एका रविवारी, काकू तिकडे बोलत असताना, वाळलेले कपडे काढताना रसिकाला दिसलं होतं, त्या फोनची फुगलेली बॅटरी खिडकीत पडलेली आहे, आठवडाभर तिथंच... रसिकानं कुणाला सांगितलं नाही. फक्त मोजलं. प्रत्येक प्रश्नानंतर काकू चार सेकंद थांबते. आणि मग ते लिहिलं.

साडेचारला आईचा फोन आला. कथेत काय आहे ते आईला ठाऊक नव्हतं. ती छापून येणार, आणि कोणत्या नावानं, एवढंच रसिकानं काल जेवताना सांगितलं होतं.

"रसिका, आज रवळनाथाक गाऱ्हाणां घातलंव गो. तुझ्या गोष्टीसाठी."

"आई, कोणाक सांगू नको म्हटलंय मा?"

"कोणाक सांगलंय? देवाक सांगलंय!"

"मोठ्यान?"

"मगे काय कानात? अंकाचा नाव, तुझी दोनय नावां, सगळा घेतल्यान भिकाजी गुरवान. नुसती सोमणीण सांगली आसती तर देव आशीर्वाद कोणाक देतलो? सगळ्या गावान 'व्हय महाराजा' म्हटल्यान. सगळ्यांत मोठ्यान तुझ्या काकीन."

रसिकानं पाचवं नाव खोडलं. पण सहावं कुठलंही घेतलं तरी – अंक कोणता ते आता गावाला माहीत, पानन् पान चाळलं जाईल, आणि माडाखालची बाई कुणीही ओळखील. कथाच मागे घ्यावी? तीन वर्षांत हातून उतरलेली ही एकच खरी गोष्ट. काकूला झाकायला नाव शोधत होते, की स्वतःला? – खोलीला खिडकी एकच, आणि तीही रसायनांच्या कपाटाआड.

"थांब, काकी बोलता म्हणता."

"जेवलंस गो?" काकूचा आवाज. रविवारचाच.

"व्हय."

"थंय पाऊस आसा?"

"नाय, काकी."

"गोष्ट कोणाची गो लिवलंस?"

रसिकाचा अंगठा सवयीनं थांबघड्याळावर गेला, काटा सुटला. फोनमध्ये झावळ्यांची सळसळ ऐकू येत होती. काकू या वेळी 'बरां' म्हणाली नाही, उत्तरासाठी थांबली.

काटा चार ओलांडून पुढे गेला. रसिकानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि घड्याळ थांबवलं.

अकरा सेकंद.